सामरीची रिळं सांभाळा: राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला खुलं पत्र

प्रति,
राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, पुणे येथील अधिकारी, जतनतज्ज्ञ आणि चित्रपट निवडणाऱ्या समित्यांचे सदस्य यांना,

सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेतून 363 कोटी रुपये खर्चून सुमारे 2200 चित्रपटांचं पुनरुज्जीवन होणार, असं मे 2022 मध्ये जाहीर झालं. कोणते चित्रपट घ्यायचे हे भाषावार समित्या ठरवतील, असंही तेव्हा सांगितलं गेलं. सिनेमावर जीव असणाऱ्या कुणालाही बरं वाटावं अशीच ती बातमी होती. मला बोलायचंय ते त्या यादीबद्दल, आणि अशी कोणतीही यादी करताना आपण सगळेच ज्यांना दाराबाहेर उभं करतो त्या चित्रपटांबद्दल.

मी भयपटांबद्दल बोलते आहे. 'महल' किंवा 'मधुमती'बद्दल नाही. त्यांच्या पाठीशी कमाल अमरोही आहेत, बिमल रॉय आहेत, लताबाईंची गाणी आहेत. त्यांची काळजी घ्या असं कुणाला सांगावं लागत नाही. मी बोलते आहे 'दरवाजा', सामरी या राक्षसाचा 'पुराना मंदिर', 'तहखाना', 'वीराना' आणि 'बंद दरवाजा' यांच्याबद्दल, विकास देसाई आणि अरुणाराजे यांच्या 'गहराई'बद्दल, आपल्या 'हा खेळ सावल्यांचा'बद्दल आणि तात्या विंचूबद्दलही. यातले काही चित्रपट गावोगावच्या थिएटरांत आणि जत्रेतल्या तंबूत तुडुंब गर्दीत चालले, काही आले तसे गेले. पण नाव काढलं की शहाणासुरता माणूस आधी हसतो. त्या हसण्याबद्दल मी पुढे बोलणारच आहे. मलाही हे चित्रपट पाहताना हसू येतं आणि त्याची मला लाज वाटत नाही. मात्र ज्याला हसतो ते जपायच्या लायकीचं नसतं, हा हिशोब मला मान्य नाही.

आधी यातले पहिले पाच चित्रपट काढणारे रामसे बंधू. फाळणीनंतर कराचीहून मुंबईला आलेल्या एफ. यू. रामसे यांचं लॅमिंग्टन रोडला रेडिओ आणि विजेच्या वस्तूंचं दुकान होतं. सिनेमात त्यांनी पैसा घातला, 'रुस्तम सोहराब'सारखा पोशाखी चित्रपट काढला आणि 1970 च्या 'एक नन्ही मुन्नी लड़की थी'नं त्यांना खड्ड्यात घातलं. चित्रपट पडला, पण त्यातल्या एका प्रसंगावर लोक खूश होते. भयानक मुखवटा चढवलेले पृथ्वीराज कपूर संग्रहालयात चोरी करायला शिरतात, तो प्रसंग. तुलसी आणि श्याम या मुलांनी थिएटरात बसून प्रेक्षकांचे चेहरे पाहिले. लोक येत होते ते त्या काही मिनिटांसाठी. मग त्यांनी वडिलांना पटवलं, आणि 1972 मध्ये 'दो गज़ ज़मीन के नीचे' आला. महाबळेश्वरला जाऊन, स्टुडिओचा खर्च टाळून, मोजक्या माणसांत तो काढला होता.

सात भाऊ आणि प्रत्येकाकडे एकेक खातं. कुमार लिहिणार, गंगू कॅमेरा धरणार, किरण आवाज बघणार, अर्जुन संकलन करणार, केशू निर्मितीची धावपळ सांभाळणार, आणि तुलसी-श्याम दिग्दर्शन. वडिलांनी जोसेफ मॅसेली यांचं छायांकनावरचं पाठ्यपुस्तक पुढे ठेवून मुलांना शिकवलं, हे या भावांनीच मुलाखतींतून सांगितलेलं आहे. तुमच्या शेजारीच, लॉ कॉलेज रोडवर, फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथे जे वर्गात आणि प्रयोगशाळेत शिकवलं जात होतं, ते ही मंडळी एका पुस्तकाच्या आधारानं, चुकत आणि सुधारत शिकली. या देशात सिनेमा या दोन्ही वाटांनी घडला. एका वाटेची कागदपत्रं वातानुकूलित खोलीत आहेत आणि दुसरीची रद्दीच्या भावानं गेली, असं व्हायला नको.

आणि हे सगळं आपल्याच मातीत घडलं. महाबळेश्वरचं धुकं, पावसाळ्यानंतरचे ओले बंगले, घाटाची वळणं, मुरूडच्या नवाबांचा समुद्राकडे तोंड करून उभा असलेला राजवाडा. पंचवीस-तीस वर्षं या जागा हिंदी प्रेक्षकाच्या डोक्यात 'भुताची जागा' म्हणून बसल्या त्या या चित्रपटांमुळे. 1970-80 च्या काळातलं महाबळेश्वर हॉटेलांच्या गर्दीआधी रात्री कसं दिसायचं, हे उद्या एखाद्या अभ्यासकाला पाहायचं झालं तर तो कुठे जाईल? माझ्या मते त्याला रामसेंकडेच जावं लागेल.

आता तुमच्या कामाच्या गोष्टीकडे येते. त्या काळचे रंगीत चित्रपट ईस्टमनकलरच्या फिल्मवर छापले जायचे. तिचे रंग कसे मरतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. निळसर-हिरवट थर आधी विरतो आणि उरते ती गुलाबी, विटकरी झाक. फिल्मच्या पट्टीला आंबूस वास सुटला की तर वेळ संपतच आलेली असते. एखाद्या सामाजिक चित्रपटाचा रंग उडाला तर नुकसान होतंच, पण निदान गोष्ट शिल्लक राहते. गंगू रामसेंच्या छायांकनात मात्र रंग हीच गोष्ट होती. खिडकीतून येणारा निळा उजेड, तळघरातून वर चढणारा हिरवा, राक्षस दिसण्याच्या क्षणी भिंतीवर पसरणारा लाल. पैसे कमी होते, मोठे सेट नव्हते. म्हणून दिव्यापुढे रंगीत कागद लावून एकाच हवेलीतून दहा वेगवेगळ्या जागा तयार केल्या. तो निळा आणि हिरवा उडाला तर हाती उरतं काय? पुठ्ठ्याच्या गुहेत फिरणारी चार माणसं.

आज बहुतेक लोक हे चित्रपट बघतात ते झिजलेल्या व्हिडिओ कॅसेटवरून किंवा व्हीसीडीवरून उतरवलेल्या प्रतींवर. चौकटीच्या कडा कापलेल्या, अंधाराच्या जागी करडा चिखल, आवाजात खरखर. मग आपण म्हणतो, किती भिकार दिसतो हा चित्रपट. तो तसा काढलेलाच नव्हता, आपण त्याची भिकार प्रत बघतो आहोत. 2023 मध्ये 'मॉन्डो मकाब्रो' नावाच्या परदेशी कंपनीनं 'पुराना मंदिर', 'वीराना', 'बंद दरवाजा', 'तहखाना', 'पुरानी हवेली' आणि 'महाकाल' असे सहा चित्रपट साफसूफ करून ब्लू-रेवर एका संचात आणले. त्या प्रतींत रंग परत आलेले दिसतात, सावल्या सावल्यांसारख्या दिसतात, आणि गंगू रामसे कामात किती हुशार होते हे पहिल्यांदा नीट कळतं. त्या कंपनीचे आभारच मानायला हवेत. पण लॅमिंग्टन रोडवर सुरू झालेली आणि महाबळेश्वरला घडलेली गोष्ट नीट पाहायची तर आपण समुद्रापलीकडच्या एका छोट्या कंपनीच्या भक्तीवर अवलंबून आहोत, याचं मला वाईट वाटतं.

जतन करताना आणखी एक काळजी घ्या, अशी विनंती आहे. या चित्रपटांच्या प्रतींमध्ये जागोजागी उड्या असतात. काही सेन्सॉरच्या कात्रीच्या, काही वितरकाच्या, काही प्रोजेक्टरवर तुटून पुन्हा चिकटवलेल्या फिल्मच्या. दोन प्रती हाती आल्या आणि त्यांत फरक निघाला, तर 'चांगली' ठेवून दुसरी काढून टाकू नका. काय कापलं गेलं, कुठे कापलं गेलं, कुठल्या गावात काय दाखवलं गेलं, हा भयपटाचा इतिहासच आहे. सभ्य समाजाला नेमकी कशाची भीती वाटत होती, ते त्या तुकड्यांत सापडतं.

आता हसण्याबद्दल. 'पुराना मंदिर' (1984) मध्ये सामरीची गोष्ट रंगात आलेली असताना मध्येच जगदीप डाकू मच्छर सिंग होऊन येतो आणि 'शोले'ची नक्कल सुरू होते. ही नक्कल लांबते, फार लांबते. आजचा प्रेक्षक विचारतो, भुताच्या चित्रपटात हे कशाला? उत्तर थिएटरच्या अंधारात आहे. भीतीनं आवळलेला प्रेक्षक तसाच दोन-अडीच तास बसू शकत नाही. त्याला श्वास घ्यायला जागा लागते आणि हे रामसेंना पक्कं ठाऊक होतं. बाई किंचाळते, थिएटर किंचाळतं आणि पुढच्याच क्षणाला आपल्या किंचाळण्यावर सगळे मिळून हसतात. हा हशा चित्रपटाच्या विरोधात नसतो, तो चित्रपटातच मोडतो. तमाशा बघत वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. वगात रडवणारा आणि हसवणारा एकाच फडात उभे असतात. 'वीराना' (1988) मध्ये सतीश शाह भयपट काढणारा दिग्दर्शक बनून येतो आणि त्याचं नाव असतं हिचकॉक. रामसेंना आपण काय काढतो आहोत आणि लोक आपल्याला कुठल्या पायरीवर बसवतात हे पुरतं कळत होतं, आणि त्यांनी ते पडद्यावर हसत हसत मांडलं.

मच्छर सिंगचा भाग कंटाळवाणा आहे, हे मी तरीही म्हणेन. अर्ध्यावर कापला असता तर चित्रपट बळकट झाला असता. 'महाकाल'मधला सुऱ्यांच्या पंजाचा हातमोजा घालून स्वप्नांत येणारा शकाल सरळ सरळ परदेशी चित्रपटातून उचललेला आहे, आणि उचलेगिरीला उचलेगिरीच म्हणायला हवं. राक्षस दिसेपर्यंत जी भीती जमते ती राक्षस पूर्ण उजेडात आला की कितीदा तरी ओसरते, कारण मुखवट्याची शिवण दिसते. हे सगळं बोलता येईल, बोलायला हवं. पण बोलण्यासाठी आधी चित्रपट समोर हवा.

यापेक्षा गंभीर तक्रारी आहेत आणि त्या मला एक बाई म्हणून करायच्या आहेत. 'पुराना मंदिर'चा शाप काय आहे? दोनशे वर्षांपूर्वी एका राजानं सामरी नावाच्या नराधमाचं मुंडकं धडावेगळं करवलं. मरताना सामरी शाप देतो, की या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंत होताच मरेल. शिक्षा सुनावली राजानं आणि किंमत मोजायची सुनांनी, लेकींनी. त्या घराण्यातला आजचा ठाकूर आपल्या मुलीला लग्नच करू देत नाही, का ते तिला सांगतही नाही. हा शाप कुणा लेखकाच्या डोक्यातून उगाच आलेला नाही. ज्या देशात बाळंतपणात बायका मरणं ही घरोघरची आठवण होती, तिथे तो थेट काळजाला भिडला. त्याच चित्रपटात कॅमेरा मात्र त्याच मुलीकडे आंघोळीच्या वेळी असा टक लावून बघत राहतो, की आपण तिच्यासाठी घाबरावं की लाजावं ते कळेनासं होतं. 'वीराना'मधल्या जस्मिनचं तेच. तिच्या अंगात चेटकीण आहे, म्हणून पुरुषांनी तिच्याकडे बघण्याला परवाना मिळतो आणि तिच्याकडे बघणारा मेला की दोषही तिचाच. हे चित्रपट दाखवताना यावर पडदा टाकू नका. पडद्याच्या बाजूला उभं राहून कुणीतरी हे सांगायला हवं.

तसंच सामरी झालेल्या अनिरुद्ध अगरवाल यांचं. रुरकीला शिकलेला हा इंजिनिअर श्रेयनामावलीत अजय अगरवाल म्हणून येतो. त्यांची उंची आणि चेहऱ्याची ठेवण पाहून त्यांना राक्षस केलं गेलं. वेगळ्या घडणीचं शरीर म्हणजे पाप, हा भयपटाचा जुना आळस इथेही आहे. पण चित्रपट नीट पाहिला तर दिसतं, की त्या माणसानं मुखवट्यामागून खरोखर अभिनय केलाय. त्याची मान वळवण्याची संथ गती, डोळे स्थिर ठेवून उभं राहणं, पायाखालची जमीन आपलीच असल्यासारखं चालणं. पुढे 'बॅन्डिट क्वीन'मध्ये मुखवट्याशिवाय त्यांनी डाकू बाबू गुज्जर साकारला, तेव्हाही पाहणाऱ्याच्या पोटात गोळा आला.

रामसेंच्या चित्रपटांतलं एक सूत्र पुन्हा पुन्हा येतं. ठाकूर शहरात सुटाबुटात राहतो, पण गावाकडे हवेली आहे, हवेलीत तळघर आहे आणि तळघरात काहीतरी पुरलेलं आहे. पूर्वजांनी काय केलं ते कुणी बोलत नाही. रामसे त्या दारापर्यंत जातात, दार उघडतात आणि आत राक्षस आहे असं सांगून मोकळे होतात. त्या दारामागे खरं काय आहे हे ज्या हिंदी चित्रपटानं सांगितलं, तो आपल्या मराठी माणसांनी काढलेला आहे आणि त्याला आपण जवळजवळ विसरलो आहोत.

'गहराई', 1980. दिग्दर्शन फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेल्या विकास देसाई आणि अरुणाराजे यांचं, लेखनात विजय तेंडुलकर. भूमिकांत डॉ. श्रीराम लागू, इंद्राणी मुखर्जी, अनंत नाग, पद्मिनी कोल्हापुरे, अमरीश पुरी, सुहास भालेकर, सुधीर दळवी. ही नावं वाचून कुणालाही वाटेल की हा समांतर सिनेमाच्या मांदियाळीतला एखादा मानाचा चित्रपट असणार. तो भयपट आहे, म्हणून त्या पंगतीला त्याचं पान मांडलं गेलं नाही.

गोष्ट बंगळुरूच्या एका सुखवस्तू घरातली. घरचा कर्ता चेन्नबसप्पा गावाकडची वडिलोपार्जित जमीन साबणाच्या कारखान्याला विकतो. ती जमीन आयुष्यभर कसणाऱ्या, तिला आई मानणाऱ्या बसवाच्या काळजाला घाव बसतो. आणि शहरातल्या घरात, शाळकरी मुलगी उमा वेगळ्याच आवाजात बोलायला लागते. इथे हवेली नाही, वटवाघळं नाहीत, वीज कडाडत नाही. ट्यूबलाइटच्या उजेडातलं घर, जेवणाचं टेबल, डॉक्टर, मग दुसरा डॉक्टर, मग शेजाऱ्यांचे सल्ले आणि मग अंगणात सापडणारं लिंबू. भीती हळूहळू अशा घरात शिरते ज्याला आपण आपलं घर म्हणून ओळखतो. उमाच्या तोंडून जी बोलते, ती बसवाची मेलेली बायको. तिच्यावर अत्याचार केलेला असतो तो याच घराच्या कर्त्यानं. मुलीच्या तोंडून तिच्या बापाचं पाप बोललं जातं, आणि ऐकायला सगळं घर जमलेलं असतं.

हा प्रसंग मी कितीतरी वेळा पाहिलाय आणि दर वेळी माझं लक्ष लागूंच्या चेहऱ्याकडे जातं. भुताला घाबरलेल्या माणसाचा तो चेहरा नाही, उघडं पडलेल्या माणसाचा आहे. आयुष्यभर बुद्धिवादाची कड घेणारा, देवाला निवृत्त करा असं जाहीरपणे म्हणणारा हा नट भुताच्या गोष्टीत उभा राहिला, तो बहुधा त्या गोष्टीत भुतापेक्षा मोठं काहीतरी होतं म्हणूनच. जमीन, जात, पैसा, कसणाऱ्याचा हक्क, बाईचा देह: तेंडुलकर रंगभूमीवर ज्याच्याभोवती फिरत होते ते सगळं इथे भयपटाच्या पोटात आहे. आणि मांत्रिक? अमरीश पुरींचा मांत्रिक हा उपाय नाहीच, ते त्या मुलीवरचं आणखी एक संकट आहे.

या चित्रपटावरही माझा आक्षेप आहे आणि तो मोठा आहे. पद्मिनी कोल्हापुरे तेव्हा अल्पवयीन होती. तिनं केलेलं काम थक्क करणारं आहे, पण तिच्या देहाकडे काही प्रसंगांत कॅमेरा ज्या तऱ्हेनं बघतो ते आज बघवत नाही आणि तेव्हाही बघवायला नको होतं. ज्या चित्रपटाचा सगळा राग बाईच्या देहावरच्या मालकीबद्दल आहे, त्यानंच हे करावं, याचं दुःख होतं. हा प्रश्न अरुणाराजेंना, पद्मिनीताईंना, तुमच्या सभागृहात, आदरानं आणि सरळ विचारला जावा असं मला वाटतं. त्यांचं उत्तर ध्वनिमुद्रित होऊन तुमच्याकडे राहावं. हे करायला अजून वेळ आहे, तो कायम राहणार नाही. तुलसी रामसे 2018 मध्ये गेले, श्याम 2019 मध्ये, कुमार 2021 मध्ये, गंगू 2024 मध्ये. दिव्यापुढे कोणता कागद लावला, कोणत्या खोलीत कोणता आवाज कसा काढला, हे विचारायला आता ते नाहीत.

मराठीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यावर वेगळं पत्र लागेल. 'हा खेळ सावल्यांचा' (1976) मधली सुधीर मोघ्यांची आणि हृदयनाथ मंगेशकरांची गाणी अजून कानाकानांत आहेत. चित्रपट मात्र गाण्यांच्या सावलीत गेला. त्याच्या काळोखाबद्दल, आशा काळे आणि काशिनाथ घाणेकर यांच्या कामाबद्दल कुणी बोलत नाही. 'एक डाव भुताचा'मध्ये अशोक सराफ भूत होतात आणि दिलीप प्रभावळकरांच्या मास्तरांशी गट्टी जमवतात. आपलं भूत असं गप्पिष्ट, गावातलंच, ओळखीचं असू शकतं. आणि 1993 चा 'झपाटलेला'. बाहुल्यात शिरलेल्या खुन्याची कल्पना परदेशी चित्रपटावरून घेतलेली आहे, यात लपवण्यासारखं काही नाही. पण महेश कोठारेंनी ती आपल्या गावात आणली, रामदास पाध्यांच्या बोलक्या बाहुलीत घातली, प्रभावळकरांचा आवाज तिला दिला आणि समोर लक्ष्मीकांत बेर्डेंना उभं केलं. लक्ष्याची भीती इतकी खरी आहे, की आपण त्याच्यावर हसतानाच त्याच्याबरोबर घाबरतो. त्या पिढीतली कितीतरी मुलं तात्या विंचूच्या धाकानं पांघरुणात तोंड खुपसून झोपली आणि सकाळी शाळेत 'ओम फट् स्वाहा' म्हणत एकमेकांच्या मागे धावली. हा चित्रपट मोठ्या पडद्यावर, मूळ रंगांत, भरलेल्या सभागृहात पुन्हा दिसायला हवा. आणि नुसती फिल्मच नको. बाहुल्या, मुखवटे, हातानं रंगवलेली पोस्टरं, गाण्यांच्या पुस्तिका, सगळं गोळा व्हायला हवं. भयपटाचा निम्मा संसार या वस्तूंत असतो आणि फिल्मच्या आधी त्याच फेकल्या जातात.

एक आक्षेप येणार हे मला माहीत आहे आणि तो मी हलका मानत नाही. ज्या पुण्यात 20 ऑगस्ट 2013 ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, ज्या राज्यानं त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा केला, तिथल्या सरकारी सभागृहात अंगात येणं, मंत्र-तंत्र, शाप दाखवायचे का? माझं उत्तर आहे, दाखवायचे आणि त्यांच्याबद्दल बोलायचं. या चित्रपटांत श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांचा गोंधळ आहे. राक्षसाला मारायला त्रिशूळ लागतो, विज्ञान हात टेकतं, मांत्रिकाला कधी खलनायक केलं जातं तर कधी तारणहार. हा गोंधळ लपवून जाणार नाही. चित्रपट संपल्यावर अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतल्या कार्यकर्त्यांना मंचावर बोलवा. अंगात येणाऱ्या बायकांबरोबर काम केलेल्या मानसोपचारतज्ज्ञांना बोलवा. 'गहराई'नंतर होणारी अशी चर्चा दहा व्याख्यानांनी होणार नाही इतकी खोल होईल, याची मला खात्री आहे.

लोक येतील का, असंही कुणी विचारेल. 'तुंबाड' 2018 मध्ये आला तेव्हा थिएटरांत त्याला जेमतेम प्रतिसाद होता. सप्टेंबर 2024 मध्ये तो पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. घरी फोनवर सहज मिळणारा चित्रपट बघायला लोक तिकीट काढून अंधारात एकत्र बसले. नारायण धारपांच्या गोष्टींवर वाढलेल्या या राज्यात याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही.

पी. के. नायर यांनी हे संग्रहालय उभं केलं तेव्हा त्यांनी संग्राहकानं समीक्षक होऊ नये हे पथ्य पाळलं. चांगलं-वाईट ठरवायचा अधिकार पुढच्या माणसांना असतो आणि तो बजावायला आधी चित्रपट जिवंत राहावा लागतो. 1931 चा 'आलम आरा' आज कुणीच पाहू शकत नाही. जानेवारी 2003 मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या, ते दुःख तुमच्या संस्थेनं जवळून सोसलंय. म्हणूनच तुमच्याशी बोलताना मला फार समजावून सांगावं लागणार नाही असं वाटतं.

माझं मागणं एवढंच आहे. त्या 2200 चित्रपटांत भयपट किती आहेत आणि कोणते आहेत, ते जाहीर करा. वर नावं घेतलेल्या प्रत्येक चित्रपटाची कोणती प्रत तुमच्या भांडारात आहे आणि ती कोणत्या अवस्थेत आहे, हे संकेतस्थळावर टाका. ज्याची प्रत नसेल त्यासाठी जाहीर आवाहन करा. जुने वितरक, बंद पडलेल्या थिएटरांचे मालक, फिरत्या टॉकीजवाली मंडळी यांच्याकडे अजूनही डबे पडून असतात आणि ते भंगारात जाण्याआधी कुणीतरी दारावर थाप मारायला हवी. मेकअप करणारे, दिवे सांभाळणारे, धूर सोडणारे, किंचाळ्या मुद्रित करणारे, जे जे कोणी आहेत त्यांच्या मुलाखती घेऊन ठेवा. समित्यांवर भयपट मनापासून पाहिलेला निदान एक तरी माणूस नेमा.

आणि सुरुवात 'गहराई'पासून करा. कोथरूडच्या तुमच्या सभागृहात, रात्रीच्या खेळाला, अरुणाराजेंना निमंत्रण देऊन. नंतर तोच खेळ साताऱ्याला न्या, कोल्हापूरला न्या, नागपूरला न्या. हे चित्रपट ज्यांनी चालवले ते प्रेक्षक तिकडे आहेत. खुर्च्या मांडण्यापासून पत्रकं वाटण्यापर्यंत जे काम पडेल ते आम्ही प्रेक्षक करू. तारीख कळवा.

आपली,
भयपटांची एक प्रेक्षक, पुणे